चौदा नंबरच्या विमानाचं झाकण

नागामोरी
२० मे १९५८

ती. सुएवहिनींस,
गेनपेईचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शुनसाकुला जाऊन महिना झाला. पत्र आधीच टाकायला हवं होतं, पण नगरपालिकेच्या कामातून मान वर करता आली नाही. तुम्ही केशकर्तनाचं दुकान पुन्हा उघडलंत हे ऐकून बरं वाटलं. गिऱ्हाइकाचं डोकं हाताखाली असलं की तुमचं मन थाऱ्यावर राहतं, असं दादा नेहमी म्हणायचा.

हवाई दलाच्या तळावरून अपघाताच्या चौकशीचा अहवाल आला. सरावात इंजीन बंद पडलं. उडी मारायला वेळ होता, तरी खालची शाळा वाचावी म्हणून आपला शुनसाकु आतच बसून राहिला आणि त्याने विमान डोंगरावरच्या संत्र्यांच्या बागेत नेऊन आदळलं, असं त्यात आहे. वाचताना माझा ऊर भरून आला, वहिनी. जूनअखेर ओत्सुबो गावात शिळा उभी राहणार आहे. त्यावर 'मुलांसाठी प्राण दिले' असं कोरायचं ठरलंय. पडदा तुमच्या हस्ते. सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे, तेव्हा संमती आणि गणवेशातला एक फोटो पाठवावा.

गुडघ्याला जपा. माझ्यावरची माया आहे तशी राहू द्या.

आपला,
गेनपेई

कुसुउरा
२४ मे

चि. गेनपेईस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. संमती देत नाही. फोटोही नाही.

लगेच फुगू नकोस. तू नऊ वर्षांचा असल्यापासून तुझे केस कापतेय, तुझे कान लाल झालेले मला इथून दिसतात. आधी पुढचं वाच. शुनसाकुचं शेवटचं पत्र अपघाताच्या सहा दिवस आधीचं आहे. त्यात तो लिहितो की चौदा नंबरच्या विमानाचं काचेचं झाकण आतून सरकत नाही. तीनदा खांदा लावून रेटलं तेव्हा कुठे उघडलं, आणि तेही जमिनीवर. मेकॅनिकने तक्रारवहीत लिहून घेतलं. प्रशिक्षक मात्र हसले. म्हणाले, दोन घास जास्त खा, म्हणजे उघडेल.

तो पडला तो चौदा नंबरमध्येच. अहवालात झाकणाबद्दल काय आहे, तेवढं मला कळव.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी आमचा ताकेओ गेला, तेव्हा पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली. आत नावाची चिठ्ठी, बाकी काही नाही. गल्लीने माझं अभिनंदन केलं आणि मी कमरेत वाकून आभार मानले. रडायचीसुद्धा चोरी होती. एक मुलगा मी असा मुकाट्याने दिला. दुसऱ्याचा देव करायला निघाला असाल, तर गाठ माझ्याशी आहे.

तुझ्या पोरीचा खोकला कसा आहे? तिला मध दे.

तुझी,
सुएवहिनी

नागामोरी
१ जून

ती. सुएवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पोरगी बरी आहे. तुमच्या मधाची आठवण काढते.

मी तळावर जाऊन विचारलं. अहवालात झाकणाचा शब्द नाही. अधिकारी फार अदबीने बोलले. म्हणाले, सगळं जळून गेलं, आता काय कळणार. आणि आईच्या दुःखाला आम्ही उत्तर देत नाही. बाहेर आलो तर आमचे नगरपालिकेचे साहेब वाट बघत उभे. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की घरच्या माणसाला घरीच समजवावं. त्या हाताचं वजन मला अजून जाणवतंय.

वहिनी, एक विचारतो, राग मानू नका. समजा तुमचंच खरं आहे. मग आपला शुनसाकु काचेवर मुठी आपटत गेला, हे जगाला सांगायचं? त्यापेक्षा त्यांचं म्हणणं बरं नाही का? निदान डोळे मिटले की तो शांत बसलेला दिसतो.

लोभ ठेवा, एवढंच मागतो.

गेनपेई

कुसुउरा
१४ जून

चि. गेनपेईस,
अ. उ. आ.

दुकानाला कुलूप लावून ओत्सुबोला जाऊन आले. ज्या बागेत तो पडला, ती फुकि नावाच्या बाईची. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच तोंडाळ. झाडाखालचं गवत काढत होती. मी कोण ते सांगितलं, तर विळा टाकून माझे दोन्ही हात धरले.

तिने त्याला पाहिलं होतं. विमान आवाज न करता इतकं खाली आलं, की तोंड दिसलं. दोन्ही मुठींनी तो काच ठोकत होता. पुढे बघत नव्हता, वर बघत होता. आणि शाळा म्हणशील, तर ती डोंगराच्या पलीकडे आहे. बागेतून तिचं छप्परही दिसत नाही. फुकिने हे सगळं चौकशीवाल्यांना सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि गेले.

मी तिथेच खाली बसले. फुकि शेजारी गवत उपटत राहिली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. होय, जगाला सांगायचं. माझ्या मुलाला जगायचं होतं, गेनपेई. त्यात लाज कसली? लाज ज्यांनी तक्रारवही मिटून ठेवली त्यांना वाटू दे. तसली एकोणीस विमानं अजून उडताहेत. त्यांत बसणाऱ्यांनाही आया आहेत.

पडदा सारायला मी येते. तसं कळवून टाक.

सुएवहिनी

कुसुउरा
३० जून

चि. गेनपेईस,
अ. उ. आ.

समारंभानंतर तू साहेबांच्या गाडीतून निघून गेलास, म्हणून लिहितेय.

मला आभाराची दोन वाक्यं कागदावर लिहून दिली होती. मी तो कागद घडी करून ठेवला आणि शुनसाकुचं पत्र वाचायला घेतलं. झाकणाचा उल्लेख आला तसा कर्णा बंद पडला. तर गावकरी उठले आणि ऐकायला माझ्याभोवती येऊन उभे राहिले. वाचून झाल्यावर फुकिने त्या तळाच्या प्रमुखांना सगळ्यांदेखत विचारलं, की आमची शाळा कुठे आहे ते बोटाने दाखवा. त्यांचा हात काही वर गेला नाही. पडदा मी सारलाच नाही. अजून तसाच असेल.

तू दुसऱ्या रांगेत बुटांकडे बघत बसला होतास. मी रागावलेली नाही. पण तुझे बूट मला पाठ झालेत.

सुएवहिनी

नागामोरी
२५ जुलै

ती. सुएवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी त्या मेकॅनिकचं घर शोधून काढलं. म्हातारा मला बघून दारातच रडायला लागला. चौदा नंबरची तक्रार त्याने दोनदा लिहिली होती आणि ती दोन्ही पानं त्याने फाडून घरी आणून ठेवली होती. कोणीतरी फाडेल, त्याआधी आपणच, असं म्हणाला. ती पानं आणि माझा जबाब मी स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन दिला. खाली सही केली, पूर्ण नावाने.

त्यानंतर वैमानिकांच्या घरचे लोक तळाच्या फाटकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी उड्डाणं थांबली. सगळी झाकणं तपासली. एकोणिसांपैकी पाच अडकत होती.

अहवाल मात्र बदलणार नाही म्हणतात. माझी बदली स्मशानभूमीच्या कचेरीत झाली आहे. तिथले लोक कमी बोलतात आणि खोटं अजिबात बोलत नाहीत.

वहिनी, मला त्या दिवशी उठता आलं नाही. क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून सुट्टी पडली की केस कापायला येतो.

गेनपेई

कुसुउरा
३ ऑक्टोबर

चि. गेनपेईस,
अ. उ. आ.

तळवाले त्यांची शिळा उचलून घेऊन गेले. फुकिने बागेतली जागा दिली आणि गावाने ओढ्यातला दगड वर चढवला. त्यावर काय कोरायचं, ते मला विचारलं. मी सांगितलं तेवढंच कोरलंय: 'शुनसाकु. वय बावीस. झाकण उघडलं नाही.'

काहींना ते फार उघडंबोडकं वाटतं. वाटू दे.

फुकि लिहिते, की नव्या तुकडीतले वैमानिक सुट्टीच्या दिवशी बसने येतात. दगडापुढे टोपी काढतात, तिच्याकडची संत्री खातात आणि परत जातात. एकाने तिला सांगितलं, की आता विमानात बसलं की आधी झाकण आतून उघडून बघायचं, आणि ते सरकलं नाही तर सरळ खाली उतरायचं. प्रशिक्षक ओरडले तरी.

त्यांतलं कुणी भेटलं तर माझे आशीर्वाद सांग, तुलाही आहेतच.

सुएवहिनी