उजव्या काचेचा स्क्रू

१२ जानेवारी
कोर्टात पहिली सही झाली. परस्पर संमतीने घटस्फोट. वकीलबाई दोघांची एकच, कारण भांडण नाहीच. बायकोचं म्हणणं एवढंच, की हा माणूस घरात बोलत नाही. (चौदा वर्षांत रोज विचारलंय, दूध आणायचंय का.) आता सहा महिने विचार करायला मिळालेत. दुसऱ्या तारखेआधी कुणीही एकाने संमती मागे घेतली तरी अर्ज बाद.
ती घेणारच मागे. निश्चय : आपण आधी बोलायचं नाही.

३ फेब्रुवारी, दुपारी
दुकानात आली! चष्म्याच्या उजव्या काचेचा स्क्रू ढिला झालेला. तिच्या ऑफिसच्या खालीच चष्म्याचं दुकान आहे, तरी दोन बस बदलून इथे. शेवटी आपल्या कामाची क्वालिटी.
एक युक्ती सुचली. स्क्रू अर्धा आटा कमी पिळला. म्हणजे महिन्याभरात परत येणार.

१ मार्च
आली. पुन्हा अर्धा आटा कमी.
स्टुलावर बसून राहिली. म्हणाली, बाकी काय? मी म्हटलं, काच पदराने पुसू नकोस, ओरखडे पडतात. बराच वेळ बसली होती. विरघळतेय.

२ मार्च
पदराने नाही, ओढणीने. ती साडी नेसत नाही. चुकलंच.

२८ मार्च
आली. विचारलं, घर कसं आहे? मी म्हटलं, फर्स्टक्लास. (बेसिनचा नळ गळतोय. तिची खोली उघडलेली नाही. हे सांगितलं असतं तर मी हरलो असतो.)

५ मे
मेव्हण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तिला आत्ताच म्हणा. मी ओळखलं, हिनेच करायला लावलाय. विजय जवळ आला. थंडपणे म्हटलं, मला काही म्हणायचं नाही.
संध्याकाळी जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१६ जून
या महिन्यात आली नाही. मेला तो स्क्रू टिकला की काय!
तिला एक पत्र लिहिलं. फाडलं. अक्षर चांगलं येत नव्हतं.

१४ जुलै, सकाळी
आज दुसरी तारीख. इस्त्रीचा शर्ट. सवयीने खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूची डबी. ती आज संमती मागे घेईल. मी लगेच हो म्हणायचं नाही. निदान दोन मिनिटं थांबायचं.

१४ जुलै, संध्याकाळी
आमचा नंबर यायच्या आधी बाकावर वकीलबाईंनी जबाबाचा कागद दिला. ती वाचायला वाकली आणि उजवी काच टपकन मांडीवर पडली. स्क्रू कुठे गेला कळेना. तिने विचारलं, आहे का तुझ्याकडे काही? मी म्हटलं, नाही. वाचता येत नाही म्हणजे सही नाही, म्हणजे पुढची तारीख! काय डोकं चाललं!
ती म्हणाली, मग तूच वाच.
वाचलं. दोन पानं. आम्ही इतके दिवस वेगळे राहतो, पुन्हा एकत्र नांदण्याची शक्यता उरलेली नाही, हा निर्णय कुणाच्या दडपणाखाली नाही. पान उलटताना एक ओळ दोनदा वाचली गेली. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, एवढं सलग तू पहिल्यांदाच बोललास. आणखी काही आहे?
मी म्हटलं, नाही, खाली फक्त सहीची जागा आहे. बोट ठेवून दाखवली.
आत जजसाहेबांनी विचारलं, दोघांची संमती कायम? तिने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. मग ती हो म्हणाली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.
बाहेर येऊन तिचा चष्मा मागितला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तिने तो पाहिला. सुटी काच माझ्या तळहातावर ठेवली.
नवा स्क्रू घातला. या वेळी पूर्ण पिळला. आता दहा वर्षं हलणार नाही.