दुपारचा चंद्र

नलूच्या बाबांस, तुमच्या पायावर डोकं ठेवून,

सगळ्यात आधी आल्या त्या शोभाबाई मास्तरीण, अन् त्यायच्या मागून आपल्या सेलूच्या शाळेतल्या पोरी! नलूचं इथलं मुंबईचं घर भरून गेलं जी. मुंबईची सहल हाय म्हणे. काल मलेही रॉकेटांच्या म्युझियममंदी घेऊन गेल्या. नागपूरच्या अजबबंगल्याहून मोठं हाय. चंद्रावर घालाचे कपडे पाह्यले, गोधडीहून जाड! धुते कोण, देव जाणे.

काल संकष्टी होती. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धरलेला उपास. शेवटी तारांगणात बसवलं. थंडगार अंधार, मले झोपच लागली. जाग आली तं आभाळभर चांदण्या, अन् समोर चंद्र! मी हात जोडले, पदराची गाठ सोडली अन् पेढा खाल्ला.

तेवढ्यात दिवे लागले. पोरी पोट धरधरून हासल्या.

"काऊन हासून राह्यल्या वं?"

"आजी, तो मशीनचा चंद्र होता! बाहेर दुपार हाय."

तोंड लपवाले पदर पुरेना. तुमच्या नावाचा उपास, अन् मी असा मोडला. पोरी गावात सांगतीलच, म्हणून आधी मीच लिवलं. रागावू नका. ऑपरेशन पुढच्या चतुर्थीपर्यंत थांबवा जी, तवा खरा चंद्र पाहूनच जेवीन. डोळ्यात औषध कोण टाकून देते?

पोरी गाडीवर जायच्या आधी बुधवारी पुन्हा येतो म्हणाल्या, ही चिठ्ठी त्यायच्याच हाती धाडते.

नलूची माय