पान्यांची मांडणी आणि मिठाचा डबा

सेक्टर १०, भिलाई
१२ फेब्रुवारी १९६३

श्री. पंजाबरावदादा यांस, मु. गोंदिया,

चंपतचा सप्रेम जयभीम. आपली, वहिनींची आणि आपल्या उजव्या गुडघ्याची तब्येत ठीक असावी. माझी ठीक आहे. (नाही म्हटले तरी ऐकायला घरात कोण आहे?) आपली धाकटी बहीण कांता आठ दिवसांपासून आपल्याकडे हवापालटासाठी आली आहे, असे मी इथे सांगतो. आपणही तेच सांगत असाल अशी आशा आहे.

इकडची मोठी बातमी म्हणजे मी कारखान्यातल्या आमच्या शॉपात पहिल्या पाळीचा लीडर झालो! (तूर्त तीन महिने, चालवून पाहायला.) मोठ्या साहेबांचा हुकूम असा की प्रत्येक लीडरने रोज एक सुधारणा करायची आणि ती लिहून सूचनापेटीत टाकायची. मी पहिल्याच दिवशी पान्या-हातोड्यांची लोखंडी मांडणी दाराजवळून उचलून यंत्राजवळ आणली. माणसामागे बावीस पावले वाचली. (माझ्या पाळीतल्या धोंडबाने मोजली तर सव्वीस भरली, पण तो ठेंगणा आहे.) दुपारच्या पाळीच्या नत्थूने तीच मांडणी उजेडासाठी खिडकीखाली नेली. रात्रपाळीने वाट मोकळी व्हावी म्हणून कोपऱ्यात ढकलली. सकाळी आम्ही येऊन पाहतो तर मांडणी गायब! अर्धा तास शोधायची, सापडली की पुन्हा सुधारायची. पंधरा दिवसांत तिने सारा शॉप पालथा घातला, पेटी चिठ्ठ्यांनी भरली आणि काम मात्र जागचे हलले नाही. शेवटी धोंडबा वैतागला. म्हणाला, "लीडर, पयले होती तिथंच ठेवून पाहू ना बाप्पा!" ठेवली. भोवती पांढऱ्या रंगाने चौकोन आखला. साहेब इतके खूश झाले की महिन्याची सर्वोत्तम सुधारणा म्हणून मला भर सभेत प्रशस्तिपत्र मिळाले! दादा, पाय जमिनीवर नाहीत माझे.

त्याच पंधरवड्यात मी घरही थोडे सुधारले. पिठाचा डबा खाटेखाली, तिखट खिडकीत, पोळपाट दारामागे, सगळे पावले मोजून. भिंतीला डालड्याच्या डब्याची सूचनापेटीही टांगली. कांताची पहिलीच चिठ्ठी निघाली, "पेटी काढा." मी खाली लिहिले, "सूचना विचाराधीन आहे." त्यावर ती जे बोलली ते आपण तिच्याकडून ऐकलेच असेल. "शॉपात व्हा लीडर, माह्या चुलीपाशी नोका होऊ! मले मीठ सापडून नाही राह्यलं!"

सर्वांना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
चंपत (लीडर)

ता.क. प्रशस्तिपत्र भिंतीला लावले आहे. पाहायला कोणी नाही, म्हणून मीच रोज पाहतो. करमत नाही, दादा. तिला पाठवा.

ता.क. २. सगळे डबे तिच्या जुन्या जागी ठेवले आहेत. भोवती चौकोन आखलेत, पण हे तिला गाडी सुटल्यावरच सांगा.

ता.क. ३. सूचनापेटी काढताना आत तिची दुसरी चिठ्ठी सापडली. "सुधारले की कळवा." कळवतो आहे.

ता.क. ४. मिठाचा चौकोन मात्र रिकामाच आहे, आठ दिवस अळणी खातो आहे. तिला विचारा, मीठ कुठे असेल. नको, विचारू नका, तिलाच पाठवा.