उकळलेली कवळी आणि कपाळावरचा व्रण

ताई,

तुझ्या धाकटीचा बंद दारामागून नमस्कार. गुडघे कसे आहेत? कानांचं विचारत नाही, त्यांच्याच पायी हे पत्र. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि दाराबाहेर माझा मुलगा स्टूल टाकून बसलेला असतो. म्हणून मी हळूच सांगतेय, नात लिहितेय. (अक्षर तिचं, शहाणपण माझं, चुका निम्म्या निम्म्या.) याचा फोटो ती तुझ्या नातसुनेला पाठवेल. तिच्याकडून कानाशी वाचून घे.

तर नातीला कांजिण्या आल्या. एरवी आठ दिवस खाजवून मोकळी झाली असती, पण सुनेला नववा लागलाय आणि तिला त्या कधीच आलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता झाल्या तर तिलाही जड जाईल आणि बाळालाही. पोरीजवळ कोण राहणार, म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी राहते. मला लहानपणीच येऊन गेल्यात, हा बघा कपाळावर व्रण! डॉक्टरांनी चष्मा वर करून तो बघितला, मान डोलावली, आणि आम्हा दोघींची रवानगी मागच्या खोलीत झाली. आज तेरावा दिवस.

बाहेर मुलाने युद्ध मांडलंय. तो गाड्या रंगवतो, तुला माहीतच आहे. ब्लीच पाण्यात मिसळून फडक्याने पुसा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण फडकं धरण्यात त्याला कमीपणा. त्याने गॅरेजमधला रंगाचा फवारा आणला. धुऊन आणला म्हणे! (तो भांडी कशी धुतो ते मी चाळीस वर्षं बघतेय.) पहिल्याच झटक्यात दाराची कडी, दिव्याची बटणं, वाळत घातलेल्या चादरी आणि साखर मागायला आलेली शेजारीण, सगळं आकाशी झालं. वर म्हणतो कसा, "बरंच झालं आई, कुठे मारलं नि कुठे राहिलं ते दिसतं तरी!" बिचारी शेजारीण अजून कानामागे आकाशी आहे.

मग आली माझ्या कवळीची पाळी. आम्ही दाराबाहेर सरकवलेलं प्रत्येक भांडं तो उकळतो. वाटीत कवळी आहे हे साहेबांनी बघितलंच नाही. उकळून ती वाकडी झाली. आता मी हसले की ती हसत नाही, आणि मी गप्प बसले की तीच टकटक बोलते. नात हसता हसता खपल्या खाजवते, मी तिच्यावर ओरडते, की कवळी मांडीवर.

सूनबाई रोज दारापलीकडून विचारते, "आई, जेवलात ना?" काल आवाज जरा कापरा वाटला. म्हणाली, "तुम्ही बाहेर आलात की मला धीर येईल." नातीच्या सगळ्या खपल्या वाळल्यात. उद्या सकाळी दार उघडायचं ठरलंय.

बाकी सगळं ठीक.

तुझी धाकटी

ता. क. हा व्रण तू फेकून मारलेल्या पितळी पेल्याचा आहे, हे आजवर तुला नि मलाच ठाऊक. आपल्या घरात कांजिण्या एकदाच आल्या, एकीलाच. दुसरीला मावशीकडे धाडलं होतं. आई पोरीच्या हातांना फडकी बांधतेय, हे मला अजून दिसतं. पण ते हात माझे, की तू नंतर रंगवून सांगितलेले तुझे, तेच आठवत नाही. ताई, माझे नसतील, तर उद्या मी सुनेला जवळ घेऊन तिला काय देणार आहे?

आणखी एक. उत्तर आलं की मुलगा विचारणारच, मावशी काय म्हणते? नातीला खोटं वाचता येत नाही. मला आल्या असतील तर नुसता आशीर्वाद धाड. तुला आल्या असतील तर पेल्याचं भांडण उकरून काढ, कोणाला संशय यायचा नाही. पण दार उघडायच्या आत.

(हे आजीने सांगितलेलं नाही. मोठ्या आजी, ती सकाळपासून मान खाजवतेय. विचारलं तर म्हणते, कवळीमुळे. मी दाराला आतून कडी घातलीय. तुम्ही आशीर्वाद धाडलात तरी काढणार नाही.)