दसऱ्याला उडालेलं सोनं

इंदूर, आश्विन वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप शंकरराव दाजींच्या चरणी प्रतापचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे.) अक्काचा गुडघा कसा आहे? देपालपूरची हवा तिला मानवते ना? तुमची मंजिरी आमच्याकडे मजेत आहे. तिच्या स्थळाचं काय झालं ते तुम्ही विचारलंत. सांगतो, पण आधी घोटभर पाणी प्या.

बाबूराव म्हणजे होळकरांच्या पलटणीतले सुभेदार. संस्थान जाऊन मध्यभारत आला, तरी यांची छाती अजून कवायतीतच! मुलगा अच्युत शाळामास्तर, एकदम बढिया पोरगा. दसऱ्याला सोनं द्यायला येऊ आणि मुलगीही बघू, असा त्यांचा निरोप. (एका चहात दोन कामं.) आमची सौ. मंगला सकाळपासून मला राजवाड्यावरून आपट्याची पानं आणायला सांगत होती. पण मागच्या अंगणात स्वतःचा आपटा असताना त्या गर्दीत कोण मरायला जातो भिया? दुपारी तोडू म्हणता म्हणता दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, झाड झोपतं, असं मंगला ओरडली. मी म्हटलं, झोपू दे, मला पानं हवीत, गप्पा नाही मारायच्या.

अंधारात डहाळ्याच्या डहाळ्या मोडल्या. पानं यंदा दाट वाटली, हाताला जरा मऊही लागली. म्हटलं, पाऊस चांगला झाला. परातीत रचून वर जरीचा रुमाल घातला. दाजी, त्यातली अर्धी फुलपाखरं होती हो! या दिवसांत कुठून तरी थव्यानं येतात म्हणे, आणि रात्री पंख मिटून झाडाला लटकतात. आपट्याचं पान तसंही जोडपंखी, त्यामुळे अंधारात मला काय कळणार, कप्पाळ?

बैठकीत पेट्रोमॅक्स लावलेला. मी खणखणीत आवाजात 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हटलं आणि रुमाल ओढला. उजेड आणि ऊब लागताच केशरी, काळ्या रेघांचं सोनं भर्रकन उठलं आणि त्यातलं एक थेट बाबूरावांच्या मिशीवर बसलं. पलटणीतला माणूस, हुकमाशिवाय हलेना. मंजिरी (मान खाली घालून बस, असं बजावलेली) खो-खो हसत सुटली. खिडकी उघडायला मी स्टुलावर चढलो आणि सुभेदारांच्या मांडीवर उतरलो. अच्युत आणि मंजिरी मात्र फुलपाखरं ओंजळीत धरून परत झाडावर नेऊन ठेवत होते. 'आमच्याकडे सोनं टिकतं, तुमच्याकडे उडतं,' एवढं बोलून बाबूराव उठले.

स्थळ गेलं, दाजी. माझ्या आळसापायी पोरीचं चांगलं होता होता राहिलं, याचं फार वाईट वाटतं. अन्न गोड लागत नाही. (मंगला म्हणते, लागतं.) अक्काला जपून सांगा आणि माझ्यावर राग ठेवू नका.

आपला आज्ञाधारक आणि सध्या पालथा झोपणारा,
प्रताप

ता. क. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अच्युत आला, फुलपाखरं बरी आहेत का बघायला. मग रोजच येऊ लागला. मंजिरी त्याला फांद्या दाखवते. झोपमोड नको म्हणून दोघं फारच हळू बोलतात.

आणखी एक. फुलपाखरं परवा सकाळी निघून गेली, औषधालासुद्धा उरलं नाही. अच्युत काल आला. आजही आला आहे. तेव्हा हातातलं काम टाकून मिळेल त्या मोटारीनं या आणि बाबूरावांना तुम्हीच गाठा, माझी हिंमत नाही. उशीर करू नका. हे लिहितो आहे तोवर दोघं रिकाम्या आपट्याकडे टक लावून उभी आहेत, आणि कुंपणापलीकडून गंगूबाई त्या दोघांकडे.