बाथरूममधला दांडा

अरे, मी दवाखान्यात रात्रपाळीला निघाले. जेवण झाकून ठेवलंय.

आता नीट वाच, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही. बाथरूममध्ये आपण पदरचे पैसे घालून धरायला दांडा बसवला, तो घरमालकांनी बसवून दिला अशी थाप मी तुझ्या आईंना मारली होती. नाहीतर "भाड्याच्या घरात कशाला खर्च?" म्हणत त्यांनी त्याला हातही लावला नसता. आज सकाळी त्या वर जाऊन मालकांचे आभार मानून आल्या. आता थाप उघडी पडणार, असं मला वाटलं. पण मालकांनी ते मुकाट्याने घेतले आणि दुपारी सुतार पाठवून जिन्याला कठडा लावून दिला. आपण दोन वर्षं मागत होतो तोच.

तेव्हा ते भेटले तर दांडा त्यांचाच. तू नुसती मान डोलव.

आईंना माझी थाप खरी वाटली असं मी धरून चालले होते. पण आत्ता मी चपला घालत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवली, त्याबद्दलही उद्या त्यांचे आभार मानून येते."

आपल्या खिडकीला जाळी नाहीये. मी त्यांना अडवलं नाही, तूही अडवू नकोस.