हळदीची रेघ

औसा, मंगळवार, संध्याकाळ

उद्या वर्गात हिमालयातले खडकांचे थर कसे दुमडतात ते दाखवायचंय. म्हणून काचेच्या पेटीत ज्वारीचं पीठ आणि हळद एकावर एक पसरली आणि एका बाजूनं फळी रेटली. हळदीची रेघ आधी वाकली, मग तुटली आणि तुटलेला भाग पुढच्यावर चढला.

वडील बघत होते. म्हणाले, "भूकंपात आपल्या रानात असाच उंचवटा उठला होता. मी नांगरून सपाट केला."

मी वरचं पीठ हातानं सपाट केलं. काचेतून रेघ तुटलेलीच दिसत होती.

"रानाच्या आत असंच असंल का गं?" वडिलांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले. नको होतं का म्हणायला? त्याच जागेवर त्यांनी हे घर बांधलंय.

वडील काचेजवळ सरकून म्हणाले, "पीठ आज काढू नको. बघू दे."